माती टाकून बिअर नितळ होते का? बेन्टोनाइटचा अनुभव हवा आहे

कडूगोड | 9 मे, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. संभाजीनगरच्या बाहेर एका लहानशा मायक्रोब्रुअरीत मी बिअर बनवायचं काम करतो. लायसन आहे, पाचशे लिटरच्या चार टाक्या आहेत, आम्ही तिघं मिळून सगळं बघतो. फिल्टर नाही, आजवर कधी लागलाही नाही.

गेल्या महिन्यापासून आमची रोजची फिकट बिअर गढूळ यायला लागली आहे. टाकीतून थंड करण्याआधी नमुना काढला तर बऱ्यापैकी साफ. तोच ग्लास बर्फात ठेवला की थोड्या वेळात आत धुकं धरतं. टेबलावर राहू दिला की हळूहळू पुन्हा निवळतो. चव जशीच्या तशी, वेगळा वास नाही, आंबटपणा नाही. पण गिऱ्हाईक ग्लास दिव्यासमोर धरतं आणि परत पाठवतं. गव्हाच्या बिअरला कुणी काही बोलत नाही, ती तशीच असते हे आता लोकांना ठाऊक झालंय. ही मात्र लख्ख हवी असते. मलाही ती तशीच हवी असते.

मालकांना कुणीतरी सांगितलं की वाइनवाले बेन्टोनाइट नावाची माती टाकतात, गाळ खाली बसतो, वरचं नितळ निघतं. दुसऱ्या दिवशी पोतं दारात. मी 50 ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवली आणि शंभर लिटर बिअर वेगळी काढून तिच्यात ओतली. कालवतानाच पिठल्यात पडतात तशा गुठळ्या झाल्या, रवीनं घुसळलं तरी फुटेनात. चार दिवसांनी बघतो तर वर धुकं तसंच आणि तळाला दहा-बारा लिटर नुसता राबडा.

कुणी वापरलंय का? प्रमाण किती, केव्हा टाकायची? की हा रस्ताच चुकीचा?

नाथसागर | 9 मे, रात्री 11:25

वाळूज आणि चिकलठाणा मिळून 26 वर्षं ब्रुअरीच्या लॅबमध्ये काढली, आता निवृत्त आहे. नाव धरणाचं घेतलंय कारण सगळी नोकरी त्याच पाण्यावर झाली.

माती टाकायच्या आधी गढूळपणा कशाचा आहे ते बघायचं असतं. यीस्ट तरंगत असेल तर बिअर थंड असो की कोमट, गढूळच दिसते. स्टार्च राहिला असेल तर नमुन्यात आयोडीनचा थेंब टाका, निळा-काळा रंग आला की समजायचं मॅश, म्हणजे मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) गरम पाण्यात भिजवून स्टार्चची साखर करायचं काम, अर्धवट झालाय. बॅक्टेरिया शिरले असतील तर बहुतेक वेळा नाक आणि जीभच सांगते. तुमची बिअर थंड केली की धुरकट होते आणि गरम झाली की निवळते. हा चिल हेझ, म्हणजे थंडीत धरणारं धुकं. मॉल्टमधलं प्रोटीन आणि मॉल्टच्या फोलपटातलं, थोडं हॉप्समधलं (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) पॉलिफेनॉल, म्हणजे तुरट द्रव्य, यांची सैलसर गाठ बसते. थंडीत ती गाठ टिकते, प्रकाश अडवते. वीस अंशांच्या आसपास सुटते. आज सुटते, पण ऑक्सिजन लागला आणि उष्णतेत राहिली तर तीच गाठ पक्की होते, मग गरम केली तरी जात नाही.

एका मे महिन्यात आमचा माल 42 अंशांत ट्रकवर दोन दिवस उभा राहिला होता. परत आलेल्या बाटल्या मी स्वतः उघडल्या. निघताना त्यांच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. आल्या तेव्हा ताकाच्या निवळीसारख्या दिसत होत्या, आणि तशाच राहिल्या.

आता माती. बेन्टोनाइटवर ऋण भार असतो. बिअरचा पीएच 4 ते 4.6, त्या आंबटपणात प्रोटीनवर बऱ्याच अंशी धन भार असतो. म्हणून प्रोटीन मातीला चिकटतं आणि दोघं मिळून खाली बसतात. यीस्टवरही ऋण भारच असतो, त्यामुळे यीस्टसाठी ही माती फारशी कामाची नाही. तुमचा हेझ प्रोटीनचा आहे, तेव्हा विचार अगदीच चुकीचा नाही.

दोन गोष्टी सांगा. पोत्यावर काय छापलंय, आणि माती कुठल्या पाण्यात भिजवली?

कडूगोड | 10 मे, सकाळी 8:05

काका, आयोडीन लावून पाहिलं, रंग बदलला नाही. पाणी नळाचं, म्हणजे सध्या टँकरचंच. पोत्यावर कंपनीचं नाव, 25 किलो, आणि खाली बारीक अक्षरात अर्थिंग आणि ड्रिलिंगसाठी असं आहे. फूड ग्रेड कुठेही लिहिलेलं नाही. हे मी टाकायच्या आधी वाचायला हवं होतं.

नाथसागर | 10 मे, सकाळी 8:20

ती शंभर लिटर कुणाला देऊ नका. अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायच्या मातीत शिसं किती, लोह किती, वाळू किती, हे कुणी तपासलेलं नसतं, कारण ती कुणाच्या पोटात जायची नसते. एकट्या लोहानंसुद्धा बिअरचं ऑक्सिडेशन वाढतं. ओतून द्या.

कडूगोड | 10 मे, दुपारी 1:10

ओतली. मालकांना सांगून ओतली. तीन आठवडे सांभाळलेली बिअर मोरीत जाताना बघवत नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणे बेन्टोनाइट मागितलंत, बेन्टोनाइट दिलं.

रेगूर | 10 मे, रात्री 9:30

परभणीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकलो, बिअरमधलं कळत नाही, पण मातीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

बेन्टोनाइटमधला मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट. ज्वालामुखीची राख कुजून, बदलून ही माती तयार होते. अमेरिकेत वायोमिंगमधल्या बेन्टन नावाच्या खडकथरांवरून 1898 मध्ये तिला नाव मिळालं. आपल्याकडे ती कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे निघते. पण तिची सख्खी चुलत बहीण आपल्या पायाखालीच आहे. मराठवाड्याची काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनली आणि तिच्यातही याच कुळातली चिकणमाती भरलेली आहे. मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत चप्पल ओढून घेणारा चिखल, हे ज्यामुळे होतं त्यामुळेच बेन्टोनाइट तुमच्या टाकीत काम करतं. नव्या घरांच्या भिंतींना तडे जातात तेही हिच्याच फुगण्या-आकसण्यानं.

ही माती पानापानांची असते. एकेक पान साधारण एक नॅनोमीटर जाड, वहीच्या कागदांसारखी एकावर एक. पाणी मध्ये शिरलं की पानं सुटतात. एका ग्रॅममधली सगळी पानं मोकळी झाली तर त्यांचं क्षेत्रफळ सातशे चौरस मीटरच्या घरात जातं. आपल्या मापात सात गुंठे! प्रोटीन चिकटायला जागा मिळते ती ही.

पण पानं सुटायला मध्ये सोडियम लागतो. कॅल्शियम असला की तो दोन पानांना धरून ठेवतो, माती कमी फुगते. टँकरचं पाणी म्हणजे बहुतेक बोअरचं, आणि आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. त्यात कालवली की सोडियमच्या जागी कॅल्शियम जाऊन बसतो आणि पानं मिटलेलीच राहतात. तुमच्या गुठळ्यांचं एक कारण मला हे दिसतं. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, गरम घ्या, आणि पाण्यावर माती भुरभुरा. मातीवर पाणी ओतू नका. एक दिवस तशीच ठेवा, लोण्यासारखी होते.

नवखा | 10 मे, रात्री 10:15

सर, मग शेतातली काळी मातीच गाळून, धुऊन वापरली तर? मी घरी द्राक्षाची वाइन आणि बिअर करून बघायचं म्हणतोय.

रेगूर | 10 मे, रात्री 10:40

नको. काळ्या मातीत सेंद्रिय पदार्थ, चुनखडीचे खडे, लोह, जंतू, वर आपण वर्षानुवर्षं मारलेली औषधं. चहाची गाळणी लावून यातलं काही जात नाही. खाद्यपदार्थासाठीचं बेन्टोनाइट शुद्ध करून, तपासून विकतात, पैसे त्या तपासणीचे असतात.

नाथसागर | 10 मे, रात्री 10:55

नवखा, घरचं म्हणालात म्हणून सांगतो. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, स्वतःपुरतं असलं तरी. शिकायची हौस असेल तर एखाद्या ब्रुअरीत किंवा वायनरीत काम मागा. या धाग्यावर घरी करायच्या कृती देऊ नयेत ही सगळ्यांना विनंती.

गोदातीर | 11 मे, सकाळी 7:15

मी नांदेडला रसायनशास्त्र शिकवते. बिअरशी संबंध नाही, पण हे वाचताना एक गोष्ट लक्षात आली ती लिहिते.

दरवर्षी पावसाळ्यात मी नववीच्या मुलांकडून गोदावरीचं गढूळ पाणी शेवग्याच्या बियांनी निवळून घेते. वाळलेल्या बिया सोलायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळायच्या आणि ते दुधट पाणी गढूळ पाण्यात ढवळायचं. तासाभरात माती खाली बसते. तिथे गढूळपणा मातीचा असतो, म्हणजे ऋण भाराचा, आणि शेवग्याच्या बीमधलं प्रोटीन धन भाराचं. प्रोटीन मातीला गोळा करतं. तुमच्या टाकीत नेमकं उलटं चाललंय. गढूळपणा प्रोटीनचा आणि गोळा करणारी माती! खेळ तोच, गडी बदललेत. यंदा मुलांना हे दोन्ही एकाच तासाला सांगणार आहे.

आजी माठात निवळीची बी घासायची आणि घाईत असली तर तुरटी फिरवायची. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन धन भार, म्हणून एवढीशी पुरते.

एक प्रश्न. बिअर साफ करायला माशाचं काहीतरी वापरतात असं ऐकलं होतं, ते खरं का?

नाथसागर | 11 मे, सकाळी 9:00

ताई, फार नेमकं पकडलंत.

माशाचं खरं आहे. आयसिंग्लास म्हणतात, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं कोलॅजन. त्यावर धन भार असतो म्हणून ते यीस्टला ओढतं. इंग्लंडमधल्या पिंपातल्या बिअरला पिढ्यानपिढ्या तेच वापरत आले. जिलेटिनही चालतं, पण तेही जनावराचं. बेन्टोनाइट खनिज आहे, सिलिका जेलही खनिज, समुद्री शेवाळापासूनचं आयरिश मॉस वनस्पतीचं. शाकाहारी गिऱ्हाईकाला तोंड वर करून सांगता येईल असं ठेवायचं असेल तर या तिघांतून निवड करावी लागते.

प्रोटीनचा विषय निघालाच आहे तर, पपईच्या चिकातलं पपेनसुद्धा यासाठी वापरायचे. अमेरिकेत लिओ वॉलरस्टीन यांनी 1911 मध्ये अशा एन्झाइमांनी बिअर थंडीत साफ ठेवण्याचं पेटंट घेतलं. ते प्रोटीन कापून टाकतं. अडचण एवढीच की धुक्याचं प्रोटीन कुठलं आणि फेसाचं कुठलं, हे त्याला कळत नाही.

मातीचीही खरी अडचण तीच आहे, कडूगोड. बिअरचा फेस प्रोटीनवरच उभा असतो. बेन्टोनाइट दोन्ही खेचून नेतं. वाइनला फेस नसतो म्हणून तिथे ते राजा आहे. बिअरच्या मोठ्या कारखान्यांनी माती सोडून सिलिका जेल धरलं ते याच कारणानं. सिलिका जेल प्रोलीन नावाचा घटक जास्त असलेलं प्रोटीन पकडतं, आणि पॉलिफेनॉलला चिकटून धुकं करणारं प्रोटीन नेमकं तेच असतं. फेसाला बरंचसं सोडून देतं.

गुऱ्हाळवाला | 11 मे, रात्री 8:45

औश्याकडं आमचं गुऱ्हाळ हाय. बिअरचं काय कळत न्हाई, पर रस निवळायचं आमचं रोजचं काम. कढईत रस तापाया लागला की आमी भेंडीच्या झाडाचं खोड ठेचून पाण्यात भिजवून त्याचा चिकट रस सोडतो. मळी सगळी फेसासंगं वर येती, गुळव्या झाऱ्यानं काढत ऱ्हातो. तुमचं खाली बसतंय, आमचं वर येतंय, येवढाच फरक. मळी नीट निघाली न्हाई तर गूळ काळा पडतो आन् टिकत न्हाई.

पर एक सांगू का. ऊस खारवट जमिनीतला आसल, नाहीतर तोडून दोन दिस पडलेला आसल, तर कितीबी भेंडी घाला, गूळ चांगला व्हत न्हाई. मंग लोक हायड्रॉस, म्हंजी रंग उडवायचं रसायन, टाकून पिवळा करतेत, त्यो मला पटत न्हाई. आमचे वडील म्हनायचे रस बिघडला कुठं ते बघ. तुमचं मागच्या महिन्यापातूर चांगलं व्हतं म्हनलाव. मंग मागच्या महिन्यात काय बदललं?

द्राक्षबाग | 11 मे, रात्री 9:50

जालन्याजवळ आमची बाग आहे, थोडी द्राक्षं वायनरीला जातात आणि तिथे दोन हंगाम काम केलंय. तिथे बेन्टोनाइट शंभर लिटरला 25 ते 100 ग्रॅम असं वापरतात, पण अंदाजानं कधीच नाही. आधी बरण्यांत चाचणी. पाच टक्क्यांचं कालवण करा, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅम. एकेक लिटरच्या सारख्या चार बरण्या घ्या. एक कोरी ठेवा, बाकीच्यांत 5, 10, 20 मिलिलिटर टाका. म्हणजे शंभर लिटरला 25, 50 आणि 100 ग्रॅम. ज्या कमीत कमी मात्रेला साफ होते ती धरायची.

पावडर उडते, तोंडाला मास्क बांधा, त्यात सिलिकाची धूळ असते. आणि गाळ मोरीत सोडू नका. पाइपात फुगून बसला की काढता काढता जीव जातो. शेततळ्याचा तळ गळू नये म्हणून हीच माती पसरतात, यावरून ती काय करेल ते समजा.

बालाघाट | 12 मे, सकाळी 6:30

मी बीड जिल्ह्यातला. दोन दिवस धागा वाचतोय, माहिती चांगली आहे. पण टँकरचं पाणी हा शब्द वाचल्यापासून गप्प बसवत नाही. आमच्या गावात टँकर दोन दिवसांआड येतो. माझी आई 68 वर्षांची आहे, पहाटे चारला हंडे लावून बसते. त्याच टँकरच्या पाण्यात तुम्ही बिअर करता आणि ती गढूळ का दिसते यावर चर्चा होते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. त्याच एप्रिलमध्ये औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी निम्मं कापा असा आदेश द्यावा लागला. मला भांडायचं नाही. पण एका लिटर बिअरला तुम्हाला पाणी किती लागतं, ते इथे लिहा.

कडूगोड | 12 मे, रात्री 11:30

बालाघाट दादा, तुमचं वाचून दिवसभर कामात लक्ष नव्हतं. खरं तेच लिहितो.

आमच्याकडे एका लिटर बिअरमागे सात लिटर पाणी जातं. बिअरमध्ये थोडंच असतं, बाकी धुण्यात आणि थंड करण्यात. उकळलेला वर्ट, म्हणजे मॉल्टचा गोड रस, थंड करायला प्लेटमधून पाणी फिरवतो, ते गरम होऊन मोरीत जातं. मोठे कारखाने ते साठवून पुढच्या मॅशला वापरतात. आमच्याकडे त्यासाठी टाकी नाही. तुमची पोस्ट मी मालकांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी हजार लिटरच्या जुन्या इन्सुलेटेड टाकीचा भाव विचारत होते. शब्द देत नाही. झालं की लिहीन.

माझं घर पैठण तालुक्यात आहे. धरण गावापासून दिसतं आणि उन्हाळ्यात गावात टँकर येतो. म्हणून तुमचा राग मला परका वाटला नाही.

आणि गुऱ्हाळवाले काका, काय बदललं ते शोधायला वही काढली. 4 एप्रिलपासून एमआयडीसीचं पाणी कमी झालं आणि आम्ही टँकर सुरू केला. गढूळ निघालेली पहिली टाकी 6 एप्रिलच्या ब्रूची. मॉल्टचं पोतं तेच, हॉप्स त्याच, यीस्ट तेच.

नाथसागर | 13 मे, सकाळी 7:40

हे मी पहिल्याच रात्री विचारायला हवं होतं. मी मातीच्या पाण्याचं विचारलं, ब्रूच्या पाण्याचं नाही. गुऱ्हाळवाल्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं.

धरणाचं पाणी मऊ असतं. खडकातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, म्हणजे ॲल्कलिनिटी, आंबटपणा मारायची ताकद, जास्त. मॅश झाल्यावर तुम्ही मॉल्टवर गरम पाणी फिरवून उरलेली साखर धुऊन घेता, तो स्पार्ज. सुरुवातीला साखर दाट असते, पीएच आपोआप आटोक्यात राहतो. शेवटी शेवटी मॉल्टमध्ये आवरायला काही उरत नाही आणि पाण्याचा गुण वर येतो. पीएच 5.8 च्या वर गेला आणि पाणी 77 अंशांपेक्षा गरम असलं की फोलपटातलं टॅनिन सुटतं. चहा फार उकळला की घशाला तुरट लागतो तसंच. ते पॉलिफेनॉल प्रोटीनशी गाठ मारायला मोकळं. प्रोटीन तुमच्या बिअरमध्ये आधीही होतं, त्याला जोडीदार आत्ता मिळाला. मॉल्ट सहा रांगांच्या बार्लीचं असेल तर दोन्ही आणखी जास्त.

तीन मोजमापं करा. टँकरच्या पाण्याची ॲल्कलिनिटी, स्पार्जच्या शेवटच्या लिटरचा पीएच, आणि त्याच वेळचं तापमान.

कडूगोड | 17 मे, रात्री 10:05

मोजलं. ॲल्कलिनिटी टँकरची 380. ऑगस्टमधल्या धरणाच्या पाण्याची वहीत 140 आहे. शेवटच्या वर्टचा पीएच 6.2, तापमान 80. हातावर घेऊन चाखलं, जिभेच्या कडांना कच्च्या जांभळासारखं ओढलं.

आरओ करायचा विचार आला, पण जेवढं चांगलं निघेल जवळपास तेवढंच वाया जाईल. या दिवसांत ते मन घेत नाही.

नाथसागर | 17 मे, रात्री 10:30

आरओ नको. स्पार्जच्या पाण्यात फूड ग्रेड फॉस्फोरिक ॲसिड थोडं थोडं टाका, ढवळा, पीएच मोजा, 5.6 च्या खाली आलं की थांबा. पाणी एक थेंबही वाया जात नाही. लॅक्टिक ॲसिडही चालतं, पण 380 मारायला एवढं लागेल की चवीत उतरेल. हातमोजे, चष्मा, आणि ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही. तापमान 75 वर आणा. शेवटच्या दहा-बारा लिटरचा मोह सोडा. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस टाका, ते प्रोटीनचे मोठे पुंजके करून केटलमध्येच बसवतं. आणि झाल्यावर शून्याजवळ आठ-दहा दिवस राहू द्या. धुकं आधी धरू द्या, मग ते बसू द्या.

द्राक्षबाग | 18 मे, सकाळी 6:50

मातीची चाचणीही करून बघा ना. फूड ग्रेड अर्धा किलो मी पाठवतो, कुरिअरनं परवा मिळेल. आधीच्या बिअरच्या दोन टाक्या आहेत ना अजून?

कडूगोड | 29 मे, रात्री 9:20

दोन्ही केलं. आधी मातीचं लिहितो, कारण धागा तिच्यासाठी काढला होता.

रेगूर सरांनी सांगितलं तसं आरओच्या गरम पाण्यावर माती भुरभुरली. या वेळी गुठळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं तिरकं केलं तर सायीसारखं जाड, करड्या रंगाचं, बोटावर घेतलं तर बोटांचे ठसे भरून काढणारं. चार बरण्यांत गढूळ टाकीतली बिअर घेतली, गॅस थोडा जाऊ दिला. 10 आणि 20 मिलिलिटरच्या बरण्यांत पाच मिनिटांत कापसासारखे पुंजके दिसायला लागले. आम्ही तिघंही काम सोडून बघत उभे होतो.

पाच दिवसांनी सगळ्या बरण्या शून्यावर नेल्या. कोरी बरणी धूसर. 25 ग्रॅमवाली थोडी बरी. 50 वाली साफ. 100 वाली अशी की मागे धरलेल्या वहीतल्या रेघा मोजता येत होत्या. पण गाळ! 100 वाल्या बरणीत तळाचा गाळ मिलिलिटरच्या खुणेवर मोजला तर 80 भरला. पाचशेच्या टाकीत चाळीस लिटर गेलीच म्हणायची.

मग ग्लासात पुन्हा गॅस भरून ओतली. कोऱ्या बरणीचा फेस तीन मिनिटं टिकला. 50 वाल्याचा दीड. 100 वाल्याचा मी घड्याळ बघेपर्यंत कडेला लागला होता. रंग किंचित उतरला आणि तोंडात बिअर पातळ लागली, पाणी मिसळल्यासारखी. दिसायला इतकी सुंदर बिअर मी आजवर बनवली नव्हती, आणि ती मला कुणाला द्यावीशी वाटली नाही.

म्हणून जुन्या दोन टाक्यांना माती न टाकता "गढूळ आहे, चवीला चांगली आहे" असं फळ्यावर लिहून कमी भावात विकतोय. लोक घेतायत.

दुसरं, काकांनी सांगितलेला ब्रू 20 तारखेला घातला. शेवटचा पीएच 5.5. चाखलं तर ओढ नाही. आता टाकीत आहे.

गुऱ्हाळवाला | 29 मे, रात्री 9:55

फळ्यावर लिवलाव ते लई चांगलं केलाव. गिऱ्हाईकाला खरं सांगितलं की ते येतंय परत.

गोदातीर | 30 मे, सकाळी 7:00

त्या बरण्यांचे फोटो मिळतील का? बिअर हा शब्द न लिहिता वर्गात दाखवीन, "प्रोटीनचं द्रावण" म्हणून.

कडूगोड | 30 मे, दुपारी 2:15

पाठवले ताई. उरलेलं बेन्टोनाइट द्राक्षबाग दादांना परत करतोय, पुढच्या हंगामात वाइनला लागेल. अर्थिंगचं पोतं इलेक्ट्रिशियन घेऊन गेला.

बालाघाट | 21 जून, रात्री 8:10

पाण्याच्या टाकीचं काय झालं?

कडूगोड | 21 जून, रात्री 10:45

बसवली दादा. जुनी मिळाली, वेल्डिंग करून घ्यावी लागली. वर्ट थंड केलेलं पाणी आता तिच्यात जातं, साठ-पासष्ट अंशांचं असतं, दुसऱ्या दिवशीच्या मॅशला आणि धुण्याला वापरतो. तीन ब्रूची सरासरी काढली. एका लिटरला सातवरून पाच लिटरवर आलोय. गॅसही कमी लागतो. अजून खाली येईल, टाक्या धुवायची पद्धत बदलायची आहे.

बालाघाट | 21 जून, रात्री 11:00

पाच अजून जास्तच आहे. पण विचारल्यावर मोजलं आणि केलं, हे मी गावात सांगेन. आमच्याकडे परवा पहिला पाऊस झाला.

कडूगोड | 24 जून, रात्री 9:30

20 मेच्या ब्रूची टाकी आज उघडली. आयरिश मॉस, शून्यावर दहा दिवस, माती नाही, फिल्टर नाही. पहिला ग्लास बर्फात अर्धा तास ठेवला आणि दिव्यासमोर धरला. बाहेरून ग्लासला घाम आला होता तो पुसला, तेव्हा कळलं की धूसर होतं ते बाहेरचं पाणी होतं. आत काही नाही. पलीकडे उभ्या मालकांच्या शर्टाची बटणं दिसत होती.

काका, तुम्ही नसता तर मी आजही मातीची मात्राच शोधत बसलो असतो.

नाथसागर | 24 जून, रात्री 9:50

छान झालं. फेस किती टिकला ते लिहायचं राहिलं.

कडूगोड | 24 जून, रात्री 9:52

तीन मिनिटं वीस सेकंद, काका.